सम उजव्या पायावर

माझ्या पखवाजाचं वजन सात किलो दोनशे ग्रॅम. कणिक लावून दुकानाच्या काट्यावर ठेवला आणि आकडा वाचला. हे सुचलं कधी, तर बावीस वर्षं पखवाज गळ्यात घालून झाल्यावर. माझं कृषी केंद्र आहे, अमळनेर तालुक्यात, बोरीकाठच्या गावात. खताची गोणी, बियाण्याची पिशवी, सगळ्याचं वजन मला तोंडपाठ. अंगावर वागवलेल्या वजनाची चौकशी मात्र कधी केली नव्हती.

वाजवणं वडिलांकडून आलं. आमच्याकडे सप्ताह लागला की पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ आणि रात्रीचं कीर्तन, तिन्हीला पखवाज लागतो. कीर्तनात दोन-दोन तास उभ्यानं, हरिपाठात पावली खेळत. आणि वर्षातून एकदा वारी. आमची दिंडी मुक्ताईच्या पालखीबरोबर असते. कोथळी-मुक्ताईनगरहून निघून बुलढाणा, जालना, बीड असं करत पंढरपूर गाठायला महिन्याहून जास्त दिवस लागतात. इतका पल्ला असल्यानं ही पालखी ज्येष्ठातच निघते. रोज चालायचं, आणि चालता चालता वाजवायचं.

२०२० आणि २०२१ ला करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका बसनं पंढरपूरला गेल्या. ती दोन वर्षं मी दुकानाच्या खुर्चीत काढली. २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा सगळ्यांनाच दोन वर्षांची भूक होती, आणि मला जरा जास्तच. दिंडीत दुसरा पखवाजी होता, चांगला तयार पोरगा. त्याच्या हाती मी फक्त जेवणाच्या आणि विसाव्याच्या वेळी पखवाज द्यायचो. "दादा, द्या ना थोडा वेळ," असं तो रोज म्हणायचा. मला वाटायचं, माझा ठेका सुटला तर टाळकऱ्यांची रांग विस्कटेल. खरं सांगायचं तर रांग काही विस्कटली नसती.

मोताळा सोडलं की बुलढाण्याच्या आधी राजूर घाट लागतो. त्या चढावर माझा डावा खुबा धरला. आधी वाटलं लचक असेल. जालन्यापर्यंत कमरेतून एक तार मांडीच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरायला लागली. बीडच्या अलीकडे एका सकाळी उठून उभा राहिलो तर सरळच होता येईना. तो दिवस आणि पुढचा दिवस मी दिंडीच्या ट्रकमध्ये, भांडी आणि वळकट्यांच्या मधे बसून काढला. पुढे त्या पोरानं वाजवलेला ठेका मला ट्रकमध्ये ऐकू येत होता आणि तो अगदी बरोबर होता, हे त्यातलं सर्वांत वाईट.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी अंगणातून विहिरीकडे निघालो तर ओट्यावर बसलेली माय आमच्या अहिराणीत म्हणाली, "पखवाज ते उतारी ठेवा ना रे भाऊ, मंग आसा काय चाली ऱ्हायना?" आणि मी काही म्हणायच्या आत, "तुना बापबी आसाच चाले."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. कमरेचा फोटो काढला, हाडात काही निघालं नाही. "काय करता?" "दुकान आहे." "मग बसून बसून झालंय." गोळ्या आणि कमरेचा पट्टा. त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पखवाज वाजवणं म्हणजे काही 'करणं' आहे असं मला वाटतच नव्हतं. पट्टा बांधला की बरं वाटायचं, सोडला की पुन्हा तेच. गोळ्यांनी पोट बिघडलं, ते वेगळंच. असे दोन आठवडे गेले.

माझं दुखणं सगळ्यात आधी दोन माणसांना कळलेलं होतं आणि त्यातला एकही डॉक्टर नव्हता, हे मला त्यानंतर समजलं.

पहिले, स्टँडजवळ चपला शिवणारे बाबा. माझी चप्पल हातात घेऊन त्यांनी वर न बघताच सांगितलं, "उजवीच ना? तुमची उजवी टाच कायम आधी जाते भाऊ. डावी नव्यासारखी राहते." दोन्ही चपला त्यांनी शेजारी उलट्या ठेवून दाखवल्या. डाव्या टाचेवरची नक्षी शाबूत होती. उजव्या टाचेची बाहेरची कड तिरपी कापल्यासारखी झिजून आतला पांढरा थर दिसायला लागला होता.

दुसरे आमचे शिंपीदादा. कानबाईच्या सणाआधी जळगावहून एक तयार शर्ट आणला होता. घालून आरशात पाहिलं तर डाव्या बाजूचा घेर वर चढलेला आणि गळा उजवीकडे सरकलेला. शर्टच बिघडलेला म्हणून दुरुस्तीला त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो माझ्या अंगावर पाहिला आणि हसले. मग कपाटातली लाल बांधणीची वही काढली. माझ्या नावाच्या पानावर छाती, लांबी, बाही असं सगळं, आणि खाली बारीक अक्षरात: 'डा. खांदा अर्धा इंच वर.' तारीख २००९ ची.

"दादा, कधी बोलला नाहीत ते?"

"शिंप्यानं गिऱ्हाइकाचं वाकडेपण कपड्यात जिरवायचं असतं, तोंडावर सांगायचं नसतं."

तेरा वर्षं त्यांनी माझ्या नेहरू शर्टांचा डावा खांदा वर कापून मला सरळ दाखवलं होतं. तयार शर्टाला माझी ओळख नव्हती, म्हणून तो खरं बोलला.

इथे पखवाज अंगावर कसा बसतो ते सांगायला हवं. पखवाजाच्या दोन तोंडांतलं उजवं लहान, त्यावर शाई. डावं मोठं, ती धूम. धुमेवर वाजवण्याआधी ओली कणिक थापतात, तिच्यामुळे तो घुमारा येतो. म्हणजे मुळात मोठं असलेलं डावं तोंड कणकेनं आणखी जड होतं. वारकरी पखवाज पट्ट्यानं अडकवून पोटासमोर आडवा धरतात. माझा पट्टा मानेवरून डाव्या खांद्यावर यायचा, वडिलांचाही तसाच. दोन बोटं रुंदीचा, कातडी. तो घसरू नये म्हणून डावा खांदा नकळत उचलून धरावा लागतो. आणि पखवाज खाली, मांडीच्या वरच्या भागाशी लोंबता ठेवायचा, कारण तसा तो 'दिसतो'. यात वाजवण्याची सोय काही नाही, निव्वळ ऐट.

शेवटी एका मेहुण्यानं जळगावच्या एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमचं नाव सुचवलं. अमळनेरहून पॅसेंजरनं धरणगाव, पाळधी करत जळगाव. मॅडम वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. त्यांनी पहिला अर्धा तास फक्त विचारलं. कुठल्या कुशीवर झोपता, मोटारसायकल किती चालवता, गोण्या स्वतः उचलता का, पाकीट कुठल्या खिशात ठेवता. पाकीट मागच्या खिशात, उजव्या. ते तिथेच काढायला लावलं. त्यावर बसलं की कमरेची एक बाजू दिवसभर उचललेली राहते, म्हणाल्या. मग विचारलं, "छंद?"

मी पखवाजाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या वेळी घेऊन या."

आठवड्यानं मी गाडीत पखवाज मांडीवर घेऊन जळगावला गेलो. त्या पांढऱ्या स्वच्छ खोलीत पट्टा अडकवला आणि त्यांच्या सांगण्यावरून वाजवत इकडून तिकडे चाललो. शेजारच्या दातांच्या दवाखान्यातले पेशंट दारात येऊन उभे राहिले. एका आजींनी हात जोडले. मॅडमनी फोनवर समोरून आणि बाजूनं चित्रीकरण केलं. मग म्हणाल्या, "आता पखवाज ठेवा खाली आणि नुसते चाला." तेही घेतलं.

दोन्ही त्यांनी एकाखाली एक, हळू गतीनं दाखवले.

पखवाजासह चालणारा माणूस मागे रेललेला होता. साहजिक आहे, पोटासमोर सात किलो लटकलेले. वजन पुढे ओढतं, मग तोल पावलांवर राहावा म्हणून माणूस खांदे मागे टाकतो, कंबर आत जाते, पोट पुढे येतं. दिवस भरत आलेली बाई जशी चालते तसं. मानेवरच्या पट्ट्यानं हनुवटी पुढे काढलेली. डावीकडे ओढ जास्त, म्हणून धड उजवीकडे कललेलं. हे सगळं मला पटलं, त्यात नवल वाटलं नाही.

खालच्या चित्रातला माणूस रिकाम्या हातानं चालत होता. आणि तोही मागे रेललेला होता. पोट पुढे, हनुवटी पुढे, धड उजवीकडे, डावा खांदा वर. त्याचा उजवा हात थोडा झुलत होता. डावा हात मात्र कोपरात किंचित वाकून बरगडीशी थांबलेला होता, जणू धुमेवर.

माय ओट्यावरून हेच म्हणाली होती.

मॅडमनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपण चालतो तेव्हा उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो आणि डाव्याबरोबर उजवा. ती शोभा नसते. पाय पुढे टाकताना कमरेला जो पीळ बसतो तो हातांच्या उलट्या झोक्यानं फेडला जातो. पखवाज्याचे दोन्ही हात चामड्यावर अडकलेले. झोका बंद, मग पीळ आवरायचं काम पाठीच्या आणि कमरेच्या स्नायूंकडे येतं आणि पावलं आखूड होतात. हे रोज सहा-सात तास, महिनाभर, वर्षानुवर्षं केलं की शरीर त्यालाच नेहमीची चाल समजतं. जे स्नायू सतत आखडलेले राहतात ते आखूड होतात, आणि ज्यांना काम पडत नाही ते आळशी होतात.

माझे आखूड कोणते आणि आळशी कोणते, ते त्यांनी टेबलावर दाखवलं. टेबलाच्या कडेला उताणं झोपवलं आणि एक गुडघा छातीशी धरायला लावला. दुसरी मांडी टेबलावर सपाट पडायला हवी. माझी चार बोटं वर तरंगत राहिली. मांडीच्या सांध्यापुढचे स्नायू आखडलेत म्हणून. मग आरशासमोर एका पायावर उभं केलं. उजव्या पायावर ठीक. डाव्यावर उभा राहिलो तर कमरेची उजवी बाजू खाली गेली. त्यांनी दोन अंगठे कमरेच्या हाडांवर ठेवले होते, त्यातला उजवा अंगठा डोळ्यांदेखत खाली उतरला. डाव्या कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूला शरीर पेलवत नव्हतं.

शेवटी जमिनीवर वजनाचे दोन काटे शेजारी ठेवले, एकेका पायाखाली एक. समोर बघून सरळ उभे राहा, म्हणाल्या. मी माझ्या मते अगदी सरळ उभा होतो. उजवा एक्केचाळीस, डावा तेहेतीस. वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला याहून चांगलं कोण समजावणार? गिऱ्हाइकाला आठ किलोंचा फरक दिला असता तर दुकान बंद झालं असतं.

चपलेचं कोडंही तिथेच सुटलं. उजवा पाय हवेत असतो तेव्हा सगळा भार एकट्या डाव्या पायावर असतो. डावा खुबा कच्चा, म्हणून उजवा पाय घाईनं खाली येतो आणि आदळतो. माझं उजवं पाऊल एक्कावन्न सेंटिमीटर पडत होतं आणि डावं एकोणसाठ.

"पण सगळं पखवाजाच्या माथी मारू नका," त्या म्हणाल्या. "पाकीट आहे, गोण्या आहेत, दोन वर्षांची खुर्ची आहे. पखवाजानं त्यांना दिशा दिली, एवढंच."

व्यायामांचं फार सांगत नाही, ते ज्याचे त्याला वेगळे असतात आणि वाचून करण्यासारखेही नसतात. कुशीवर झोपून गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा, उताणं झोपून कंबर उचलायची, भिंतीला पाठ लावून हनुवटी आत घ्यायची. डाव्या पायावर उभं राहून दात घासायचे. हे शेवटचं आमच्या घरात तीन महिने करमणुकीचं साधन होतं.

एक गोष्ट मात्र मी स्वतःहून केली. ऑगस्टमधल्या पावसाच्या उघडिपीत कपाशीच्या कडेनं अनवाणी चालत गेलो आणि मागे वळून पाहिलं. आमची काळी माती ओली असली की पायाचा ठसा असा घेते की बोटांच्या रेषाही मोजाव्यात. उजव्या पायाचे ठसे खोल, टाचेशी खड्डा. डाव्याचे उथळ, आणि बोटं बाहेर फिरलेली, जणू त्या पायाला दुसऱ्याच गावाला जायचंय. मधली अंतरं एक लहान, एक मोठं, एक लहान, एक मोठं. मॅडमच्या टेपपेक्षा मला हे जास्त पटलं. पुढे दर पंधरा दिवसांनी, जिथे ओल सापडेल तिथे, मी स्वतःचा माग काढत राहिलो. सालदाराला वाटलं मी साप शोधतोय.

एकदा डोळा तयार झाला की सगळीकडे तेच दिसतं. माझा एक वर्गमित्र लग्नाच्या बॅन्डमध्ये साईड ड्रम वाजवतो. त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेवर येतो आणि ड्रम डाव्या मांडीवर तिरपा बसतो. चालताना गुडघा ड्रमला लागू नये म्हणून तो डावा पाय बाहेरून फिरवून टाकतो. ड्रम तिरपा असतो म्हणूनच डाव्या हातात काठी वेगळी, तळहात वर करून धरायची रीत पडली, हे त्यानंच मला सांगितलं. मी त्याला म्हटलं, बिनड्रमचाही तू पाय फिरवतोस. तो म्हणाला, "मना पाय आते ढोलनाच शे." आमचे पेटीवाले बुवा उजव्या हातानं पट्ट्या आणि डाव्यानं भाता सांभाळत चाळीस वर्षं एका अंगाला पिळून बसले आहेत, ते जिना चढताना आधी खांदा चढतो, मग ते. प्रत्येक वाद्य माणसाला आपल्या मापाचा करून घेतं.

याच काळात आमच्या गावातल्या आबांकडे नीट लक्ष गेलं. आबा जुने टाळकरी, गेली काही वर्षं कंपवात. घरात चालताना पाय घासत, बारीक बारीक पावलं टाकतात आणि दाराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. सून हात धरते तरी पाऊल उचलत नाही. पण हरिपाठाला त्यांना देवळात आणून रांगेत उभं केलं आणि पखवाज सुरू झाला की आबा पावली टाकतात. हळू, पण टाकतात. आम्ही सगळे याला देवाची लीला म्हणत होतो, आणि म्हणायला माझी अजूनही हरकत नाही. मॅडमना सांगितलं तर त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. चालण्याचा ताल मेंदूच्या आतल्या भागातून आपोआप येत असतो. कंपवातात तोच भाग ढिला पडतो. बाहेरून ठोका मिळाला तर पाय त्याच्या आधारानं उचलतात. अशा पेशंटना ठोक्यावर चालवणं ही नेहमीची उपचारपद्धत आहे, म्हणाल्या.

मग मलाही त्यांनी फोनवर टकटक वाजणारं यंत्र लावून चालायला सांगितलं. प्रत्येक टकेला एक पाऊल, सगळी पावलं सारखी. पखवाज्याला टकटक ऐकवणं म्हणजे आचाऱ्याला मीठ चाखवणं. मी म्हटलं, ठेका माझा मीच म्हणतो.

आणि तिथे मला जे सापडलं ते सांगण्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

भजनी ठेका आठ मात्रांचा. एका मात्रेला एक पाऊल धरलं तर आठ पावलांनी पुन्हा सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, येते. आठ ही जोडसंख्या. म्हणजे पहिली सम उजव्या पायावर आली तर दुसरी उजव्याच पायावर, हजारावी उजव्याच. आणि पहिलं पाऊल आम्ही उजवंच टाकतो. उंबरा ओलांडताना उजवा पाय आधी, ही लहानपणापासूनची शिकवण. समेवर पखवाजी नुसता हातानं थाप देत नाही, सगळं अंग तिथे उतरतं. बावीस वर्षं, मुक्ताईनगर ते पंढरपूर, प्रत्येक सम मी उजव्या पायावर आपटत गेलो होतो. डावा पाय बिचारा फक्त काळ मोजत होता.

अमळनेरला एका बुवांकडे मी काही वर्षं शास्त्रोक्त पखवाज शिकलो होतो. ते ताल एकेक करून आठवले. चौताल बारा मात्रांचा. धमार चौदा. सूलताल दहा. सगळे जोडसंख्येचे. मग आठवला तेवरा. सात मात्रा: धा दिं ता, तिट कत, गदि गन. सात पावलं टाकली की पुढची सम दुसऱ्या पायावर येते. उजवा, डावा, उजवा, डावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिवाररस्त्यावर तेवरा म्हणत निघालो. उजव्या पायावरची सम सरळ आली. पुढच्या आवर्तनात 'धा' डाव्या पायावर आला आणि मी चक्क झोकांडलो. सम म्हणताच शरीर उजव्या पायाची वाट बघत होतं, पाय मात्र डावा होता. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात नकळत मधेच एक पाऊल गाळून मी समेला पुन्हा उजवा पाय दिला. बोल चुकवणं मला कधी जमलं नसतं, म्हणून शरीरानं पाऊल चुकवलं. केवढी लबाडी! सायकलवरून येणारा दूधवाला थांबून म्हणाला, "काय भाऊ, बरं नाही का?"

मग लय निम्मी केली. डाव्या पायावर सम आली की तिथे जाणूनबुजून थांबायचं, वजन पूर्ण टेकवायचं, मगच उजवा उचलायचा. पंधरा-वीस दिवस नुसता वैताग. नंतर एका सकाळी 'गदि गन' नंतर डाव्या पायावर 'धा' पडला आणि मला तो ऐकू आला. ओल्या रस्त्यावर चपलेचा आवाज, भरीव. इतकी वर्षं धुमेतून काढला तो घुमारा पहिल्यांदाच डाव्या पायातून आल्यासारखं वाटलं. घरी येऊन कुणाला सांगावं तर कळणार नाही, म्हणून चहा पिऊन गप्प दुकानात गेलो.

मॅडमना तेवरा म्हणून दाखवला. त्या म्हणाल्या, "संगीतातलं मला काही कळत नाही, पण डावा पाय कामावर आलाय." नोव्हेंबरात पुन्हा काट्यांवर उभं केलं. वजन दोन किलो उतरलं होतं. उजवा साडेसदतीस, डावा साडेचौतीस. उजवं पाऊल छप्पन्न, डावं अठ्ठावन्न.

पखवाज सोडा असं त्यांनी एकदाही सांगितलं नाही. पट्टा बदला म्हणाल्या. चपला शिवणाऱ्या बाबांनाच मी तो करायला दिला: चार बोटं रुंद, दोन्ही खांद्यांवरून येऊन पाठीवर फुलीसारखा, आणि खाली कमरेला एक आडवा पट्टा, म्हणजे भार मानेवर न येता कमरेच्या हाडांवर बसतो. त्यांनी दोनदा उसवून तिसऱ्यांदा बरोबर जमवला. पखवाज बेंबीच्या पातळीला आला. आरशात पाहिलं तर ऐट पार गेलेली, गळ्यात पाटी अडकवून विकणाऱ्यासारखा दिसत होतो. दिंडीतले लोक पहिले चार दिवस हसले. "काय बुवा, विमानातनं उडी मारायची का?" पाचव्या दिवशी शेजारच्या दिंडीतल्या पखवाज्यानं हळूच विचारलं, कुठे शिवला.

२०२३ च्या वारीत तास झाला की मी पखवाज उतरवून त्या पोराच्या गळ्यात घालायचो. हे व्यायामापेक्षा अवघड गेलं. पहिल्या दिवशी हातांचं काय करावं कळेना. मग टाळ घेतले, आणि मग तेही ठेवून नुसता चाललो, दोन्ही हात मोकळे सोडून. वारीत मी असा चाललो नव्हतो कधी. राजूर घाट त्याच्या ठेक्यावर चढलो. वर पोचल्यावर खुब्याला हात लावून पाहिला, सवयीनं. दुखत होता, पण चढ चढल्यावर दुखावा तेवढाच.

पूर्ण सरळ झालो असं नाही. थंडीत खुबा अजून आठवण देतो. दुकानात गर्दी असली की डावा हात बरगडीशी जाऊन बसतो, मग सालदार आठवण करतो, "धूम सोडा, भाऊ." आबांना आता मी घरी जाऊन रोज दहा मिनिटं ठेका ऐकवतो. उंबरा मात्र त्यांना अजून ओलांडवत नाही.

परवा शिंपीदादांकडे गेलो होतो. तक्रार घेऊनच. घरातले सगळे जुने नेहरू शर्ट आता डाव्या खांद्यावर फुगतात, गळा डावीकडे जातो. त्यांनी मला उभं केलं, टेप मानेमागून टाकली, दोनदा मोजलं. लाल वही काढून पान उघडलं, पेन्सिल कानावरून घेतली, आणि २००९ च्या त्या ओळीवर धरून थांबले.

"खोडू का हे?"

"खोडा की."

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. ज्येष्ठ लागायला पंधरा दिवस होते.

"वारी करून ये," म्हणाले आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. "मग बघू."